दोन शब्दांमधली फट

छापलेलं एखादं पान हातभर लांब धरावं, उलटं करावं आणि डोळे किलकिले करून पाहावं. अक्षरं वाचता येईनाशी होतात आणि उरतो फक्त काळ्या-पांढऱ्याचा पट. पान नीट लागलेलं असेल तर मजकुराचा चौकोन सगळीकडे सारखाच करडा दिसतो. नीट लागलेलं नसेल तर त्या करड्या रंगातून पांढऱ्या रेघा वरून खाली ओघळताना दिसतात. या ओळीतल्या दोन शब्दांमधली फट, तिच्या बरोबर खाली दुसऱ्या ओळीतली फट, तिच्याखाली तिसरीतली. छपाईच्या धंद्यात या रेघांना ‘रिव्हर’, म्हणजे नद्या, म्हणतात. अक्षरजुळणी तपासणारी माणसं पान उलटं धरतात ती या नद्या शोधायलाच, कारण सुलट पानावर नजर अर्थाच्या मागे धावते आणि फटी तिला दिसत नाहीत.

दिसत नसल्या तरी त्या त्रास देतात. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो छोट्या छोट्या उड्या मारत शब्दांच्या पुंजक्यांवर थांबतो. फटी सारख्या असल्या की उड्यांना लय मिळते. एका ओळीत शब्द एकमेकांना खेटलेले आणि पुढच्या ओळीत हातभर दूर, असं झालं की लय मोडते. वाचकाला फक्त एवढंच जाणवतं की लेख जरा जड आहे. दोष बहुतेक वेळा लेखकाच्या पदरी पडतो, आणि तो असतो पान लावण्याचा.

या फटी येतात कुठून? मजकूर जस्टिफाय करण्यातून, म्हणजे डावी आणि उजवी अशा दोन्ही कडा सरळ रेषेत आणण्यातून. प्रत्येक ओळीतल्या शब्दांची एकूण लांबी वेगळी, पण ओळीची रुंदी मात्र ठरलेली. जो फरक उरतो तो कुठेतरी जिरवावा लागतो, आणि तो जिरवायची हुकमी जागा म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा.

हिशेब मांडला की प्रकरण स्पष्ट होतं. समजा बारा पॉइंटचा मजकूर आहे आणि फाँटमधली साधी स्पेस एक मिलिमीटर आहे. कॉलम पन्नास मिलिमीटर रुंद आहे. ओळीत चार शब्द बसले, त्यांच्यामध्ये तीन फटी, आणि या सगळ्यांची लांबी भरली चव्वेचाळीस मिलिमीटर. पुढचा शब्द दहा मिलिमीटरचा असल्यानं तो बसत नाही. उरलेले सहा मिलिमीटर तीन फटींत वाटले की प्रत्येक फट एकाची तीन मिलिमीटर होते, म्हणजे तिप्पट. आता तोच मजकूर शंभर मिलिमीटर रुंदीच्या पुस्तकी ओळीत घ्या. शब्द आठ, फटी सात, आणि शेवटी पुन्हा सहाच मिलिमीटर उरले. ते सात ठिकाणी वाटले गेले की फट एकाची एक पूर्णांक शहाऐंशी शतांश होते. दोन्हीकडे शिल्लक सारखीच, पण अरुंद कॉलममध्ये ती वाटून घ्यायला फटी कमी आहेत.

मराठीची खरी अडचण इथेच आहे. ‘महाराष्ट्र के गाँवों में भी’ हे हिंदीत पाच शब्द आणि चार फटी. मराठीत तेच ‘महाराष्ट्रातल्या गावांमध्येसुद्धा’ असं होतं. शब्द दोन, फट एक. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच लिहिली जातात. साठी, मध्ये, पर्यंत, सुद्धा, ही सगळी मागच्या शब्दाला चिकटतात. ‘कार्यकर्त्यांसाठीसुद्धा’ हा अख्खा अर्थ एका शब्दात मावतो आणि त्यात फट एकही नाही. म्हणजे त्याच रुंदीच्या ओळीत मराठीला हिंदीपेक्षा कमी फटी मिळतात आणि प्रत्येक फटीवर जास्त भार पडतो. शिवाय शब्द लांब असल्यामुळे ओळीच्या शेवटी न बसणारा शब्दही लांबच निघतो आणि मोठी जागा रिकामी ठेवून जातो. इंग्रजीसाठी ठरवलेली मापं मराठी मजकुराला जशीच्या तशी लावून चालत नाही, ती याच कारणानं.

गंमत अशी, की मराठी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न शतकानुशतकं पडलाच नव्हता. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जाई. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. ओळ कागदाच्या कडेपर्यंत भरली की शब्द जिथे असेल तिथून पुढच्या ओळीत जाई. देवनागरी पोथ्यांतही शब्द असेच सलग लिहिलेले असत. फटच नसल्यावर ती कमीजास्त होण्याचा प्रश्न येत नाही, आणि दोन्ही कडा सहज सरळ राहतात. शब्द कुठे संपतो हे ओळखण्याचं काम वाचणाऱ्याचं. युरोपातही प्राचीन लॅटिन हस्तलिखितं अशीच सलग असत. शब्दांत जागा सोडण्याची सवय तिथे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडच्या मठवासी लेखनिकांनी रुजवली. लॅटिन त्यांची मातृभाषा नव्हती, त्यामुळे शब्द वेगळे दिसणं ही त्यांची गरज होती.

शब्द सुटे झाले आणि कडा सरळ करण्याची कसरत सुरू झाली. जर्मनीतल्या माइन्झ शहरात १४५५च्या सुमारास योहान गुटेनबर्गनं छापलेलं बायबल दोन कॉलममध्ये आहे. त्याचे कॉलम आजही नमुना म्हणून दाखवले जातात, इतक्या त्यांच्या कडा सरळ आणि फटी सारख्या आहेत. त्याची युक्ती अशी की फटींना हात लावायच्या आधी तो अक्षरांनाच हात लावी. त्यानं सुमारे २९० वेगवेगळे खिळे पाडून घेतले होते. एकाच अक्षराची रुंद आणि अरुंद रूपं, जोडलेली अक्षरं, आणि लेखनिक वापरत तशी शब्दांची संक्षिप्त रूपं त्यात होती. ओळ लांब झाली की संक्षेप वापरायचा, आखूड झाली की शब्द पुरता लिहायचा. अरबी लिपीनं आणखी वेगळा मार्ग काढला. तिथे अक्षरांना जोडणारी आडवी रेघच लांब करून ओळ भरता येते. तिला कशीदा म्हणतात.

खिळ्यांच्या छापखान्यात जुळाऱ्याच्या हातात एक स्टिक असे. ठरलेल्या रुंदीच्या त्या धातूच्या खाचेत तो एकेक खिळा उलट्या अक्षरानं बसवत जाई. शब्द संपला की स्पेस. ही स्पेस म्हणजेही शिशाचाच तुकडा, फक्त उंचीला कमी, त्यामुळे तिला शाई लागत नसे. स्पेसची मापं ठरलेली होती. अक्षराच्या उंचीएवढा चौरस म्हणजे एक एम. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे जाड स्पेस, चौथा म्हणजे मधली, पाचवा म्हणजे पातळ. ओळीचा शेवट जवळ आला की जुळारी थांबून नजरेनं अंदाज घेई. शब्द आत घ्यायचा असेल तर जाड स्पेसा काढून पातळ घालायच्या, बाहेर ठेवायचा असेल तर पातळ काढून जाड. ओळ स्टिकमध्ये घट्ट बसलीच पाहिजे, कारण सैल ओळीतले खिळे उचलताना ओघळून पडत. फटींचा हिशेब त्या काळी बोटांना कळत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेच काम यंत्रानं उचललं. ओटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप यंत्र १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात पहिल्यांदा चाललं. त्यात अक्षरांचे पितळी साचे ओळीत येऊन उभे राहत आणि दोन शब्दांच्या मध्ये पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी पडे. ओळ पुरी झाली की खालून एक दांडा सगळ्या पाचरी एकदम वर ढकली. पाचर खाली जाड, वर पातळ. त्यामुळे ती वर चढेल तशा सगळ्या फटी एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात रुंदावत. ओळ दोन्ही जबड्यांत घट्ट बसली की पाचरी थांबत, मग वितळलेलं शिसं येई आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतली जाई. टोल्बर्ट लॅन्स्टनच्या मोनोटाइपची चाल आणखी हुशार. तिथे कळफलकावर टंकलेला मजकूर कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात उमटे. ओळीच्या शेवटी यंत्र हिशेब दाखवी की शिल्लक किती आणि फटी किती, आणि ऑपरेटर त्याप्रमाणे फटीच्या मापाची कळ दाबी. ही पट्टी ओतकाम करणाऱ्या यंत्रात शेवटाकडून सुरुवातीकडे जाई. म्हणजे ओळीतलं पहिलं अक्षर ओतायच्या आधीच यंत्राला त्या ओळीतली फट किती हवी ते कळलेलं असे.

या सगळ्या पद्धतींत एक मर्यादा समान होती. निर्णय एका ओळीपुरता घेतला जाई. चौथी ओळ बांधून झाली की ती झाली. सहावी ओळ भयानक सैल निघाली तरी मागे जाऊन चौथीतला एक शब्द खाली ढकलायला कुणी सहसा जात नसे, कारण त्यासाठी पुन्हा सगळे खिळे हलवावे लागत.

ही मर्यादा मोडली ती एका गणितज्ञानं, तीही स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून व्यथित झाल्यामुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली तयार होत होती. खिळ्यांची जागा फोटोटाइपसेटिंगनं घेतली होती, आणि आलेली प्रुफं नूथ यांना पाहवेनात. त्यांनी लिहिणं बाजूला ठेवून पानं लावणारी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव टेक. पुढे १९८१ साली त्यांनी मायकेल प्लास यांच्यासह परिच्छेदाच्या ओळी कशा पाडाव्यात यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजची चांगली मांडणी ज्या विचारावर उभी आहे तो त्यात आहे.

त्यांनी फटीला ‘ग्लू’ म्हटलं, म्हणजे गोंद. वागायला मात्र ती स्प्रिंगसारखी आहे. प्रत्येक फटीला तीन आकडे: तिची नैसर्गिक रुंदी, ती किती ताणता येईल, आणि किती दाबता येईल. ओळ जुळवताना स्प्रिंग किती ताणली गेली यावरून त्या ओळीचा दोष मोजला जातो, आणि हा दोष ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ताण ठरलेल्या मर्यादेच्या निम्मा असेल तर दोष साधारण बारा. बरोबर मर्यादेइतका असेल तर शंभर. दुप्पट झाला तर आठशे. म्हणजे परिच्छेदात सहा ओळी किंचित सैल असलेल्या परवडतात, पण एक ओळ फाटलेली परवडत नाही. संगणक परिच्छेदातल्या सगळ्या शक्य मोडणी तपासतो आणि एकूण दोष सर्वांत कमी होईल ती निवडतो. सहावी ओळ वाचवायची असेल तर तो चौथीतला शब्द बिनदिक्कत खाली पाठवतो.

टेबलावरच्या संगणकावर पान लावणं घरोघरी पोचलं ते १९८५ साली आलेल्या पेजमेकरनं. मग १९८७ साली क्वार्कएक्सप्रेस आलं आणि १९९९ साली इनडिझाइन. आधीची दोन्ही ओळीमागून ओळ बसवत जाणारी. इनडिझाइननं अख्ख्या परिच्छेदाचा एकत्र विचार करणारी सोय पहिल्यापासून दिली. तिचं नाव पॅराग्राफ कंपोझर. मराठीसाठी त्याच्या यादीतला ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडला नाही तर युनिकोड मजकुरातली जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. कित्येक ऑपरेटर पॅराग्राफ कंपोझर बंद करून एकेका ओळीचा पर्याय घेतात. कारण हे की पाचव्या ओळीत एक शब्द दुरुस्त केला की दुसरी ओळही हलते, आणि तपासून झालेला मजकूर आपोआप सरकतोय असं वाटून धास्ती बसते. ते सरकणं हाच त्या सोयीचा उपयोग आहे. संगणक मागे जाऊन शिल्लक जागा वाटून घेत असतो.

याच सॉफ्टवेअरच्या पॅराग्राफ पॅनेलमध्ये ‘जस्टिफिकेशन’ नावाची छोटी चौकट असते. अनेकांनी ती वर्षानुवर्षं उघडलेली नसते. तिच्यात तीन आडव्या ओळी आणि प्रत्येकीत तीन आकडे आहेत: किमान, हवं तितकं, कमाल. पहिली ओळ शब्दांमधल्या जागेची. तिथे मुळात ८०, १०० आणि १३३ टक्के असे आकडे भरलेले असतात. टक्के कशाचे? त्या फाँटमधल्या स्पेसच्या रुंदीचे. म्हणून फाँट बदलला की त्याच आकड्यांचा परिणाम बदलतो. ज्या फाँटमधली स्पेस मुळातच ऐसपैस आहे त्यात मधला आकडा शंभरावरून नव्वदवर किंवा त्याहून थोडा खाली आणला तर पान लगेच घट्ट दिसायला लागतं. जर्मन मांडणीकार यान चिखोल्ड यांनी १९४७ साली इंग्लंडच्या पेंग्विन प्रकाशनासाठी जुळणीचे नियम लिहून दिले, त्यात त्यांचा आग्रह हाच होता: शब्द शक्य तितके जवळ, आणि रुंद फट कुठेच नको.

देवनागरीला घट्ट फट मानवते. शिरोरेषा शब्दाला वरून बांधून ठेवते, आणि ती तुटली की शब्द संपला हे डोळ्याला लगेच कळतं. रोमन लिपीला हा आधार नाही. तरीही किमान आकडा फार खाली नेता येत नाही, कारण देवनागरीची काही अक्षरं शिरोरेषेत स्वतःच खिंडार घेऊन येतात. भ, ध, थ ही ती अक्षरं. ‘मी थकलो’ या दोन शब्दांमधली फट पुरेशी नसेल तर ‘थ’च्या डोक्यावरची तूट आणि शब्दांमधली तूट यांतला फरक नजरेला पटकन लागत नाही. ऐंशीच्या आसपासचा आकडा म्हणूनच बरा.

दुसरी ओळ अक्षरांमधल्या जागेची. इंग्रजीत काही मांडणीकार शिल्लक जागेतला थोडा वाटा इथे ढकलतात आणि शब्दांमधल्या फटींवरचा भार हलका करतात. मराठीत हा दरवाजा बंद आहे. अक्षरं एकमेकांपासून दूर सरकली की शिरोरेषा तुटते आणि ‘कमल’ हा शब्द ‘क म ल’ असा विस्कटतो. उलट अक्षरं जवळ ओढली तर काना आणि शेजारचं अक्षर एकमेकांवर चढतात. या ओळीतले तिन्ही आकडे शून्यावरच ठेवायचे.

तिसरी ओळ मात्र मराठीच्या कामाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. ती म्हणजे ग्लिफ स्केलिंग. तिथे मुळात तिन्ही आकडे शंभर असतात. ते ९८, १०० आणि १०२ केले की सॉफ्टवेअरला अक्षरांची रुंदी दोन टक्क्यांनी कमीजास्त करायची मुभा मिळते. अक्षर रुंदावलं की त्याची शिरोरेषाही त्याच्यासोबत रुंदावते, म्हणून ती तुटत नाही. पन्नास मिलिमीटरच्या ओळीत दोन टक्के म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर, तेवढी जागा फटींवरून उतरते. वाचकाला हा फरक दिसत नाही. अक्षरांची रुंदी किंचित बदलून ओळ भरण्याची कल्पना अक्षररचनाकार हेर्मान झाप्फ आणि हॅम्बुर्गचे पेटर कारो यांनी एचझेड नावाच्या प्रणालीत मांडली होती. तिच्या मुळाशी गुटेनबर्गचे रुंद-अरुंद खिळेच होते. आकडे ९५ आणि १०५ पर्यंत नेले तर मात्र शेजारच्या दोन ओळी वेगवेगळ्या फाँटच्या वाटायला लागतात.

हे सगळे आकडे म्हणजे सॉफ्टवेअरला सांगितलेली इच्छा आहे, भिंत नव्हे. पर्यायच उरला नाही तर ते कमाल मर्यादा ओलांडून फट ताणतं. सुदैवानं ते लपवत नाही. प्रेफरन्सेसमधल्या कंपोझिशन या पानावर ‘एच अँड जे व्हायोलेशन्स’ ही खूण चालू केली की मर्यादा मोडलेल्या ओळींवर पडद्यावर पिवळा पट्टा येतो. दोष जितका मोठा तितका पिवळा गडद. छापताना हा रंग येत नाही. मराठी अंकाच्या फाइलीवर ही खूण पहिल्यांदा चालू केली की बहुधा अर्धं पान पिवळं होतं. तिथून खरी दुरुस्ती सुरू होते.

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो ओळीच्या शेवटी शब्द तोडू दिल्यानं. वरचं गणित पुन्हा घ्या. दहा मिलिमीटरच्या न बसणाऱ्या शब्दातला चार मिलिमीटरचा तुकडा, हायफन धरून, वर घेतला. ओळीची लांबी झाली चव्वेचाळीस, अधिक एक फट, अधिक चार, म्हणजे एकोणपन्नास. उरला एकच मिलिमीटर, आणि फटी आता चार. प्रत्येक फट एकाची सव्वा मिलिमीटर होते. तीनशे टक्क्यांवरून एकशे पंचवीस टक्क्यांवर, म्हणजे १३३च्या मर्यादेच्या आत.

तरीही मराठी डीटीपीत हायफनेशन बंद ठेवण्याची रीत पडली, आणि तिला सबळ कारण होतं. युनिकोड रुळण्यापूर्वी, पुण्याच्या सी-डॅकची किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची अक्षरं वापरून पानं लावली जात, तेव्हा संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसेच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असत, वर देवनागरीचं रूप. ‘का’मधला काना हे वेगळं चिन्ह. इंग्रजीचे नियम लावून संगणक तो मजकूर तोडायला गेला की ‘क’ एका ओळीत आणि काना पुढच्या ओळीत, असा प्रकार व्हायचा. हायफनेशन बंद करणं हा शहाणपणाचाच उपाय होता. आता मजकूर युनिकोडमध्ये असेल, भाषा म्हणून मराठी निवडलेली असेल, तर इनडिझाइनला मराठीचा हायफनेशन कोश वापरता येतो आणि काना, मात्रा, जोडाक्षर शाबूत राहतं. कारण गेलं, सवय मात्र राहिली.

कोश सगळंच नीट तोडतो असं नाही. मराठी शब्द तोडायला सर्वांत चांगली जागा म्हणजे मूळ शब्द आणि प्रत्यय यांचा सांधा: विद्यार्थ्यां-साठी, गावां-मध्ये, महाराष्ट्रा-तल्या. तिथे वाचक क्षणभरही अडखळत नाही, कारण पुढे काय येणार याचा अंदाज त्याला असतोच. विशेषनामं, आडनावं आणि छोटे शब्द तोडू नयेत. लागोपाठ तीन ओळींच्या शेवटी हायफन आला की उजवी कड दातेरी दिसते, म्हणून मर्यादा दोनवर ठेवणं बरं. आणि हातानं तोडायचंच असेल तर साधा हायफन टंकायचा नाही. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफनची कळ दाबली की जो हायफन पडतो तो फक्त ओळीच्या शेवटी दिसतो. साधा हायफन टंकला आणि नंतर मजकूर सरकला, की भर ओळीत ‘कार्य-कर्त्यांसाठी’ असा शब्द छापून येतो. मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ही खूण नवी नाही.

आकडे आणि हायफन जागेवर आले की उरतात टंकताना पडलेल्या चुका. त्यातली पहिली शिफ्ट-एंटर. नवी ओळ हवी म्हणून परिच्छेदाच्या मध्येच शिफ्ट-एंटर दाबलं की सॉफ्टवेअर तिला परिच्छेदाची शेवटची ओळ मानत नाही आणि तीनच शब्द अख्ख्या रुंदीवर ताणून बसवतं. साधं एंटर दाबून मधलं अंतर पॅराग्राफ स्टाइलमध्ये शून्य करावं, म्हणजे हे होत नाही. दुसरी चूक दोन स्पेसांची. साध्या ओळीत ती दिसत नाही, पण जस्टिफाय केल्यावर दोन्ही स्पेसा ताणल्या जातात आणि खड्डा पडतो. फाइंड-चेंजमध्ये अनेक स्पेसांची एक करणारी तयार आज्ञा आहे, पान लावायच्या आधी ती एकदा फिरवावी. पूर्णविरामाच्या आधी स्पेस देण्याची सवय तिसरी. ताणलेल्या ओळीत तो बिचारा ठिपका शब्दापासून दूर एकटा उभा राहतो.

चौथी गोष्ट चूक नाही, मराठीची रीत आहे. ‘पु. ल. देशपांडे’, ‘वि. स. खांडेकर’ अशी नावं लिहिताना प्रत्येक आद्याक्षरानंतर स्पेस येते. सैल ओळीत ती स्पेसही इतरांइतकीच ताणली जाते आणि नाव तीन ठिकाणी विखुरतं. कधी ‘पु.’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘ल.’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतं. तिथे न तुटणारी, ठराविक रुंदीची स्पेस घालावी. ती ओळीबरोबर ताणली जात नाही आणि तिच्या जागी ओळही मोडत नाही. ‘रु. ५००’, ‘१ मे’, ‘५ किलो’ यांनाही तीच लागते.

एवढं करूनही एखादा कॉलम इतका अरुंद असतो की कोणताच आकडा त्याला वाचवू शकत नाही. फोटोच्या बाजूनं वळवलेला मजकूर, तक्त्यातल्या चौकटी, फोटोओळी. तिथे उजवी कड मोकळी सोडावी. फट सगळीकडे सारखी राहते, आणि कडेचा चढउतार डोळ्याला खुपत नाही. इंग्रज शिल्पकार आणि अक्षररचनाकार एरिक गिल यांनी १९३१ साली अक्षररचनेवरचं आपलं पुस्तक याच पद्धतीनं, उजवी कड मोकळी ठेवून छापलं. फटींची समानता कडेच्या सरळपणापेक्षा महत्त्वाची, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी पानापानावर करून दाखवलं. पुस्तकाच्या पूर्ण रुंदीच्या ओळीत मात्र मराठी मजकूर दोन्ही कडांनी नीट बसतो, आकडे नीट लावले तर.

सगळं झाल्यावरही अंकाच्या शेवटच्या रात्री दोनचार ओळी पिवळ्या उरतातच. तिथे संपादक ऑपरेटरशेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि मांडणीचं काम पुन्हा भाषेकडे येतं. गुटेनबर्गनं संक्षेप वापरून जे साधलं ते मराठीत प्रत्यय बदलून साधता येतं. एकाच अर्थाची लांब आणि आखूड रूपं मराठीकडे भरपूर आहेत. ‘मध्ये’ आणि ‘त’, ‘सुद्धा’ आणि ‘ही’, ‘परंतु’ आणि ‘पण’, ‘करण्यात आलं’ आणि ‘केलं’. लेखकाच्या वाक्याला धक्का लागत नसेल, आणि लेखकाची हरकत नसेल, तर ‘महाराष्ट्रातल्या गावांमध्येसुद्धा’च्या जागी ‘महाराष्ट्रातल्या गावांतही’ येतं. ओळ दोन अक्षरांनी आखूड होते, खालचा शब्द वर चढतो, फटी मिटतात आणि पडद्यावरचा पिवळा पट्टा निघून जातो. ऑपरेटर पुढच्या पानावर जातो.